दोघांपुरती कोंबडी

१४ मे, रविवार, दुपार

बारक्या,

तुला आणि तुझ्या मास्तरीणबाईंना खूप आशीर्वाद. माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटसुलट करशील, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत मान खाली घालून घोरतायत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. फोन केला की तू "हो ताई, हो ताई" करत राहतोस आणि मला जे सांगायचं असतं ते तसंच राहतं. म्हणून कागद घेतला.

आधी रेसिपी, कारण तुझ्या बायकोने गेल्या महिन्यात निघताना तीनदा मागितली होती. दोन तंगड्या, कातडी काढून. दोन बटाटे, एक गाजर, एक कांदा, सगळं मोठं मोठं चिरून. भाज्या खाली घालायच्या, कोंबडी वर. चार लसूण पाकळ्या ठेचून, मीठ, मिरपूड, अर्धं लिंबू. पाणी अर्धी वाटी, त्याहून जास्त नाही, कोंबडीला स्वतःचं पाणी सुटतं. विजेच्या स्लो कुकरचं झाकण लावायचं, बटण "कमी"वर फिरवायचं आणि आठ तास विसरून जायचं. झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि अर्धा तास वाढतो. दोघांना पोटभर होतं. यात अक्कल लागत नाही, हे मास्तरीणबाईंना सांग, म्हणजे त्यांना धीर येईल.

तू कुकर घेऊन आलास तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. "ताई, सकाळी लाव, संध्याकाळी तयार," असं तू विकणाऱ्या माणसासारखं म्हणत होतास. मी सकाळी सातला कामावर लागते, साडेतीनला सुटते, आठ तास पायांवर उभी. घरी आल्या आल्या परत ओट्याशी उभं राहायचं या विचारानेच माझं डोकं फिरायचं. त्या दिवसांत मी बाबांना कुस्करून कुस्करून पाव आणि दूध दिलंय, आणि स्वतः उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकलंय.

गेल्या महिन्यात जेवताना तू विचारलंस, "आणखी वर्षभर बाबांना ठेवशील ना? वरचा मजला झाला की नेतो." मी तुझ्या बायकोला रस्सा वाढत राहिले. तुला राग आला, दिसला मला. तू बशी बाजूला सारून म्हणालास, "तुझं तर छान बसलंय सगळं." या पत्रात त्याचंच उत्तर आहे. जरा दमाने वाच.

बाबा एकोणतीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर होते, हे तुला नव्याने सांगायला नको. दर अर्ध्या तासाला काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. पाणी खाली गेलं की बॉयलर फुटतो, फुटला की माणसं भाजून मरतात, हे आपण रोज जेवताना ऐकलंय. चालू आच सोडून हलायचं नाही. आईला कळा सुरू झाल्या, तुझ्या वेळी, तेव्हाही हा माणूस पाळी संपवूनच आला होता. आई ते मरेपर्यंत विसरली नाही.

तर पहिल्या दिवशी मी कुकर लावला, चप्पल घातली आणि जाता जाता म्हटलं, "बाबा, याच्यावर जरा लक्ष ठेवा हं." असंच. म्हातारा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, त्याला काहीतरी केल्यासारखं वाटेल म्हणून. बाबा उठून ताठ उभे राहिले. "ठेवतो. तू निर्धास्त जा," म्हणाले. किती महिन्यांनी अख्खं वाक्य बोलले होते! मी जिना उतरताना हसत होते रे.

संध्याकाळी आले तर बाबा ओट्यापाशी तसेच उभे. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले. ओट्यावर पाणीच पाणी, भांडं काठोकाठ भरलेलं, आणि आत कोमट गुलाबी पाण्यात कच्च्या तंगड्या तरंगतायत. मला बघून म्हणाले, "एकदाही पातळी खाली जाऊ दिली नाही." मी म्हटलं, "शाब्बास."

तिथेच चुकलं माझं. माझं नाव ते विसरतात, आई गेली हे विसरतात, मघाशी जेवले हे विसरतात. पण ही कामगिरी त्यांच्या डोक्यातून जाईना. रोज झाकण उघडायचं, रोज पेल्याने पाणी ओतायचं. मी समजावलं, ओरडले, कुकर कपाटावर ठेवला, तर हे स्टुलावर चढले. एक दिवस भांडं उतू जाऊन पाणी बोर्डात गेलं. घरातली वीज गेली, बोर्ड काळा पडला, आणि त्यांच्या दोन बोटांना फोड आले. तुला फोनवर सांगितलं होतं, चहा सांडला म्हणून. चहा नव्हता.

जरा थांबले होते. बाबा जागे झाले, त्यांना पाणी दिलं, परत झोपले.

मी इस्पितळाच्या धुलाईत काम करते, म्हणजे चादरी आणि गाऊन, एवढंच तुला ठाऊक. तिथे पट्ट्याही धुवायला येतात. जाड सुती, आतून मऊ अस्तर, टोकाला लांब बंद. जे पेशंट नळ्या उपसतात, पलंगावरून उड्या मारतात, त्यांचे हात बांधायला. आम्ही त्या धुऊन, वाळवून, दहा-दहाचे गठ्ठे करून वॉर्डात पाठवतो. एकदा मी सिस्टरला सहज विचारलं, किती वेळ बांधता? ती म्हणाली, "बांधणं सोपं असतं हो, नंतर बघत राहावं लागतं. दर पंधरा मिनिटांनी बोटं बघायची, निळी नाहीत ना. दोन तासांनी सोडून हात हलवायचे. नाहीतर आमचीच नोकरी जाईल."

बोर्ड जळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन पट्ट्या ॲप्रनखाली घालून घरी आणल्या.

झालं लिहून. आता पुढचंही लिहिते.

आधी एकच हात बांधला, उजवा. डाव्याने त्यांनी गाठ सोडवली. वाल्व उघडणारी बोटं ती. मग दोन्ही बांधले, खुर्चीच्या हातांना. डायपर घालायचा, पाण्याची बाटली शर्टाच्या खिशात, तिची नळी तोंडापाशी येईल अशी. रेडिओ लावायचा. कुकरचं बटण "कमी"वर. आणि आठ तास विसरून जायचं.

तू म्हणशील, अगं बाई, कुकर बंद ठेवायचा होतास! एवढं साधं तुला सुचलं नाही? सुचलं. पहिल्याच दिवशी सुचलं. कपाटात ठेवून कुलूप लावायचं, पाव-दुधावर यायचं, बाबा मोकळे. बारक्या, मला ते नको होतं. दार उघडल्यावर घरात शिजल्याचा वास यावा, हातपाय धुऊन ताटावर बसावं, समोर कुणीतरी बसलेलं असावं आणि दोघांनी गरम खावं, एवढंच मला दिवसात हवं असायचं. चादरी पिळताना मी त्याच्यावरच दिवस काढायचे. लोकांना सांगायला त्यांच्या जिवाची काळजी हे कारण फार छान आहे. ते खरंही आहे थोडंसं. पण मी कोंबडीसाठी बाप बांधला.

सुरुवातीला ते ओरडायचे. "पाणी! पातळी बघा कुणीतरी!" खाली शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांनी मला जिन्यात दोनदा विचारलं. मी म्हटलं, भास होतात त्यांना. मग आवाज थांबला. त्या म्हणाल्या, "आता शांत झालेत हो. औषध बदललं का?" मी हो म्हटलं. त्यांनी औषधाचं नाव विचारलं, त्यांच्या सासऱ्यांसाठी. मला तोंडात मारल्यासारखं झालं, तरी मी काहीतरी नाव ठोकून दिलं.

मार्चमध्ये एका दिवशी आमचं मोठं मशीन अडकलं. चादरी ओल्या, वॉर्डात पलंग उघडे, कुणाला सोडेनात. मी मुकादमाला म्हटलं, घरी वडील आहेत. तो म्हणाला, "सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी आहे." काय सांगणार होते त्याला? त्यांना बांधून आलेय म्हणून? मी मशीनपाशी परतले आणि तीन तास उशिरा घरी पोचले. म्हणजे बारा तास झाले होते.

बाबा जागे होते. बाटली रिकामी. खाली सगळं ओलं, खुर्चीखालीही. डावा पंजा सुजला होता आणि बोटं त्या सिस्टरने सांगितली तशी झाली होती, निळी. मी सोडवायला वाकले तर ते मान खाली घालून म्हणाले, "साहेब, आज पातळी बघायला जाता आलं नाही. वहीत लिहू नका." माझी माफी मागत होते.

मी त्यांना धुतलं, कपडे बदलले, हात कोमट पाण्यात धरून चोळला. तासाभराने रंग परत आला. डॉक्टरकडे नेलं नाही. त्यांनी विचारलं असतं. मग मी कोंबडी वाढली. इतका वेळ शिजून ती हाडापासून सुटली होती. त्यांना भरवली, त्यांनी खाल्ली, "छान झालीय" म्हणाले. मीही खाल्ली. दोनदा घेतली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बांधलं, बारक्या. हे नसतं लिहिलं तर तू म्हणाला असतास, ताई चुकली पण तिला पश्चात्ताप झाला. होतो, रोज होतो. संध्याकाळी होतो, आणि सकाळी पावणेसातला मी गाठ मारत असते. हल्ली ते स्वतःच हात पुढे करतात.

तू आलास तेव्हा तुझ्या बायकोने विचारलं होतं, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाहीचा शर्ट कशाला? मी म्हटलं, त्यांना थंडी वाजते. तू त्यांच्या शेजारी बसलास, खांद्यावर हात ठेवलास. मनगटाला हात लावला असतास तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं. तुला दोष देत नाही. तू दोन तासांसाठी आला होतास.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. वर्षभर नाही, महिनाभरही नाही. मजला होईल तेव्हा होईल, तोवर खालच्या खोलीत गादी टाक. तुला जमत नसेल तर म्हाताऱ्यांच्या एखाद्या संस्थेत ठेवू, पण कागदांवर मुलाची सही लागते असं म्हणतात, आणि तिथे कुणीतरी मला समोर बसवून सगळं नीट विचारायला हवं. हे पत्र तू त्यांना दाखवलंस तरी चालेल. तुझ्या बायकोलाही दाखव. तिला मी आवडते, म्हणून जड जाईल, पण दाखव.

"ताई, तू थकलीयस, थोडी विश्रांती घे" असा फोन करू नकोस. मी थकलेय हे खरं, पण थकलेली सगळी माणसं असं करत नाहीत. माझ्याच पाळीतली एक बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करते आणि रोज रडत कामाला येते. तिने पट्ट्या नेल्या नाहीत.

पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. उद्यापासून शनिवारपर्यंत मी रजा टाकलीय, तेवढीच शिल्लक होती. तेवढे दिवस मी घरी आहे, बाबा मोकळे आहेत. शनिवारी सकाळच्या गाडीने ये. त्यांचे कपडे, गोळ्या, डॉक्टरचे कागद सगळं बांधून ठेवते. रविवारी सुट्टी आहे. सोमवारी मला सातला कामावर लागायचंय, आणि तू आला नाहीस तर सोमवारी सकाळी मी काय करीन हे मला पक्कं ठाऊक आहे. आता तुलाही आहे.

तुझी,
बाबांना जिच्या भरवशावर सोडून गेलास ती
ताई