फळीवरचा सगळ्यात सरळ शिक्का

१३ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

ती. हारुए ताईस,

धाकट्या तोकुजीचा तीस अंशांत वाकून नमस्कार. (थोरल्या बहिणीसाठी पंचेचाळीस लागतात, ठाऊक आहे, पण तातामीच्या चटया शिवून शिवून कंबरेची बिजागरी तिसाच्या पुढे जात नाही. उरलेले पंधरा मनात वाकलो आहे.) तुझे गुडघे थंडीत कसे आहेत? तू पाठवलेली सुकवलेली पर्सिमॉनची फळं पोचली, फार गोड निघाली. तू बारा लिहिली होतीस, अकरा निघाली. तक्रार नाही, फक्त नोंद. आपल्या आळीत प्लमला फुलं आली आहेत. दरवर्षीपेक्षा चार दिवस उशिरा.

आता हकीकत. पंधराव्या वर्षी माझी शाळा सुटली आणि पुढचं सगळं शिक्षण चटयांखाली झालं, हे तुला ठाऊकच आहे. ओल येऊ नये म्हणून लोक तातामीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरतात. मी चटई उचलतो, आधी वाचतो, मग कामाला लागतो. (एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागतात, असं गिऱ्हाइकं विचारतात. अग्रलेख लांब असतात, त्याला मी काय करू?) इतकं वाचलेला माणूस आळीत दुसरा नाही, म्हणून मुलांना चालू घडामोडी शिकवायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. दर शनिवारी सकाळी, आळीच्या सभागृहावरच्या वाचनखोलीत. तीच, जिथून जेवायच्या वेळी तू मला कान धरून न्यायचीस. सहा मुलं येतात. पहिल्याच दिवशी मी दोन नियम फळ्यावर लिहिले: बातमीत मुद्दा पहिल्या ओळीत हवा, आणि छापलेलं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मान डोलवायची नाही.

मग मी सोबत नेलेलं वर्तमानपत्र उघडून खणखणीत आवाजात वाचलं, की पुढच्या वसंतात डोंगरातला बोगदा खुला होणार. मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. शेवटी सुकी मासळी विकणाऱ्या ओत्सुनेबाईंची नात चिझुरु, वय वर्षं दहा, अगदी नम्रपणे म्हणाली, “काका, मी रोज त्याच बोगद्यातून शाळेत जाते.” तारीख पाहिली. बातमी एकतीस वर्षांपूर्वीची होती. (वाचन मात्र बिनचूक झालं होतं.)

पुढच्या शनिवारी म्हटलं, काकाचा ताजेपणा दाखवूच. आळीची सूचनांची फळी घरोघर फिरत त्याच सकाळी माझ्याकडे आली होती. मी नेहमीप्रमाणे दारातच, फळी पोचल्याची खूण म्हणून, माझ्या नावाचा शिक्का मारला आणि फळी काखेत घालून वर्गात गेलो. म्हटलं, यापेक्षा ताजं काय असणार, वाचा! पहिला कागद गटारं साफ करण्याचा, दुसरा काचेचा कचरा कोणत्या वारी टाकायचा त्याचा. तिसरा चिझुरुने वाचला. वाचनखोलीत कोणी फिरकत नाही, सबब एप्रिलपासून ती बंद करून तिथे उत्सवाचे ढोल आणि कंदील ठेवण्यात येतील. शिक्का म्हणजे संमती समजली जाईल.

“काका, ही खोली म्हणजे आपण बसलोय ती?”

मी म्हटलं, हो.

“आणि हा शिक्का तुमचा?”

मी पुन्हा म्हटलं, हो.

“सगळ्यात सरळ मारलाय,” ती म्हणाली. टोमणा नव्हता गं, ताई, खरंच कौतुक होतं. तेच जास्त लागलं.

आळीत चोवीस घरं. फळी माझ्याकडून पुढे गेली आणि तीन दिवसांत चोवीसच्या चोवीस शिक्के पडले. मुलांनी वही-पेन्सिल घेऊन दारोदार एकच प्रश्न विचारला: वाचून मारलात का? ओत्सुनेबाई म्हणाल्या, “मेली फळी आली की मारायचा शिक्का, तिला काय वाचायचं?” आळीचे प्रमुख गोतांदाजी म्हणाले, “असं लिहिलंय? कोणी लिहिलं?” चिझुरुने त्यांना खालची सही दाखवली. त्यांचीच होती.

मग मुलांनी आपलं एकपानी वर्तमानपत्र काढलं. (दोन आकडे मी दुरुस्त केले, त्यातला एक त्यांनी पुन्हा दुरुस्त केला.) ते गोतांदाजींच्या परवानगीने फळीला लावलं, आणि तळाशी अट घातली: शिक्क्याशेजारी खोलीत किती पुस्तकं आहेत ते लिहावं, आकडा वरच्या मजकुरात आहे. जी फळी एरवी चार दिवसांत आळी फिरते तिला अकरा दिवस लागले! दुपारी पाहावं तर माणसं दारात उभी राहून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचताहेत. ढोल सध्या ठेवलेत तिथे त्यांच्यावर पाणी गळतं हे खरंच आहे, त्यावरही भांडण झालं. पण वाचून झालं. वाचनखोलीत आता सहाची चौदा मुलं झाली आहेत आणि गोतांदाजी मागे बसून प्रश्न विचारतात.

सध्या इतकंच. भावजींना नमस्कार.

तुझा,
तोकुजी

ता. क. पहिला: खोली वाचायची तर निम्म्याहून जास्त घरांनी संमती मागे घ्यायला हवी. बारा घरांनी घेतली, अकरा घरं ढोलांच्या बाजूने ठाम आहेत. चोविसावं घर कुलूपबंद आहे. म्हणजे आई-बाबांचं, तुझ्या नावावरचं.

ता. क. दुसरा: तुझ्या घराचा शिक्का माझ्याकडेच असतो. तोही त्या सकाळी मीच मारला होता. (तोही सरळच.) आता संमती मागे घ्यायला मालकिणीच्या हातचं पत्र लागतं, आणि ते वीस तारखेच्या आत पोचायला हवं. मुलांचं एकपानी वर्तमानपत्र सोबत जोडलं आहे. आधी वाच. तळाशी पुस्तकांचा प्रश्न आहे आणि चिझुरु कोणालाही सूट देत नाही.

ता. क. तिसरा: पाकीट चिकटवण्याआधी चिझुरुने हे पत्र शेवटपर्यंत वाचलं. चूक एकही सापडली नाही. फक्त विचारत होती, “मुद्दा पहिल्या ओळीत हवा ना, काका?”