जर्मनची ताटली

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. आज सकाळी नातीनं तिच्या ताटातला उष्टा घास माझ्या तोंडात कोंबला आणि मला तुझी ती जर्मनची ताटली आठवली.

पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा चाकणकडच्या आपल्या गावात तू केवढी मिरवलीस! त्याच वर्षी तुझ्या गालात आतून फोड आला. तू मिशरी लावणारी. दुखलं की फोडावर आणखी मिशरी दाबायचीस आणि म्हणायचीस, "बधिर व्हतंय, बरं वाटतंय." मी मूर्ख, दर शनिवारी घरी येताना आठवणीनं तंबाखूची पुडी आणायचो. गालाला भोक पडलं तेव्हा कुठं तुला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. कॅन्सर म्हणाले. मुंबईला किरणांचा शेक देतात, पण या वयात सोसायचं नाही. घरी न्या, मऊ खायला घाला. मी हळूच विचारलं, "साहेब, हे दुसऱ्याला लागतं का?" "अजिबात नाही," म्हणाले. परतताना एसटीत तू माझा हात धरलास. "तुमच्या कारखान्यात येवढी औषधं व्हत्यात, माझ्यापुरतं एक न्हाई व्हय रं?" रोज शेकड्यांनी बाटल्या खोक्यात भरत होतो मी, पण तुझ्या कामाची त्यांत एकही नव्हती.

घरी आल्यावर तुझं ताट वेगळं झालं. हलक्या ॲल्युमिनियमची, जर्मनची ताटली, पडवीत. दुधात कुस्करलेली भाकरी अर्धी गालातून बाहेर यायची, आणि येईल त्या बाईला तू सांगायचीस, "सुनंला माझी किळस येती गं. ल्योक देव हाय माझा, पर ही!" माझी बायको चुलीपुढं मान खाली घालून ऐकायची. तुझी जखम तीच धुवायची, तोंड पदरानं तीच पुसायची. तरी शेवटच्या दिवशी तिच्या हातचं पाणी तू घेतलं नाहीस. माझ्या हातचं घेतलंस.

आये, ताट वेगळं करायला मी सांगितलं होतं. ती नको नको म्हणत होती. पाळण्यात आमची पोर होती, आणि डॉक्टरांनी सांगूनही मला भीती वाटली. तिनं मरेपर्यंत हे कुणाला सांगितलं नाही, आणि मीही तिचं नाव खराब होऊ दिलं. तुला अक्षरओळख नव्हती. पिंपरीहून आलेली माझी पत्रं तुला तीच वाचून दाखवायची. म्हणून हे तेव्हा लिहिता आलं नाही, असं मी आजवर मनाला सांगत आलो. पण शनिवारी तर मी घरीच असायचो, आये, तुझ्या उशाशी.