न आल्याचा दाखला

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
अभिलेख कक्ष, तिसरा मजला,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: भेटीच्या वेळेत रुग्णाजवळ हजर नसल्याचा दाखला मिळण्यासाठी केलेला अर्ज मागे घेण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा मूळ अर्ज व तो मागे घेत असल्याचे एका ओळीचे पत्र.
२) आपले उत्तर: "न आल्याचा दाखला देण्याची तरतूद नाही."
३) आपले दुसरे पत्र: "अर्ज मागे घेण्याची कारणे सविस्तर नमूद केल्याखेरीज प्रकरण बंद करता येणार नाही."

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा खाट क्रमांक चौदावरील मयत रुग्णाचा एकुलता एक मुलगा असून मोजणी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. दिवसाकाठी चाळीसेक अर्जांवर तो शिक्का मारतो, त्यामुळे 'मी' न लिहिता 'अर्जदार' लिहिण्याची त्याला सवय आहे. शिवाय पुढचा मजकूर 'मी' म्हणून लिहायला घेतला तर हात पुढे सरकत नाही, हेही आताच कबूल केलेले बरे.

२. अर्जदार कॅथलिक असून चर्चमागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या तरुण मंडळाचा सभासद आहे. वीसबावीस जण असतात. चहा असतो, बिस्किटे असतात, आणि सगळी लग्नाच्या वयाची असल्याने बिस्किटांपेक्षा इकडेतिकडे बघणेच जास्त असते. चहा झाला की खुर्च्या गोल मांडतात आणि एकेकाने उठून सात मिनिटांत आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायची असते: देव मला कुठे भेटला. पुस्तकातले चालत नाही, संतांचे चालत नाही, शेजाऱ्याचे तर मुळीच नाही. मंडळाची चिटणीस, जिला सगळे ताई म्हणतात, घड्याळ लावून बसते. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिने नुसते बघितले तरी माणूस तोंड उघडतो.

३. अर्जदाराने आपली पाळी दोनदा टाळली. तिसऱ्यांदा टाळता आली नाही. वडील जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि सगळे त्याच्याकडे माना तिरक्या करून बघत होते. अर्जदार उठला आणि सांगून बसला की, शेवटच्या दिवशी चार ते सहा तो वडिलांच्या खाटेशी बसला होता, स्वतःच्या हाताने त्यांना मऊ भात भरवला, आणि वडिलांनी त्याचा हात धरून म्हटले, "आईला सांग, मी तिच्यावर रागावलेलो नाही." (वडिलांना रुग्णालयात यायचे नव्हते, आईने हट्टाने आणले होते.) त्या क्षणी देव खोलीत होता, असेही अर्जदाराने शेवटी जोडले. सगळे रडले. नऊ मिनिटे झाली तरी ताईने थांबवले नाही.

४. वस्तुस्थिती अशी की, रुग्ण दाखल असलेल्या चार दिवसांत अर्जदार एकदाही वॉर्डात गेलेला नाही. रुग्णवाहिकेत वडिलांनी त्याच्याकडे ओळख नसल्यासारखे पाहिले. तोंडाची एक बाजू उतरलेली, जीभ जड झालेली. अर्जदार घाबरला. दुसरे काही कारण नाही. असते तर इथे लिहिले असते. दररोज चार वाजता तो डबा आणि भेटीचा पास फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे देई, वर पाठवून द्या म्हणे आणि रस्ता ओलांडून समोरच्या केशकर्तनालयात रुग्णालयाकडे पाठ करून बसे. पहिल्या दिवशी केस कापले, दुसऱ्या दिवशी दाढी केली, नंतरचे दोन दिवस जुनी वर्तमानपत्रे वाचली. सहानंतर फाटकावरून रिकामा डबा घेऊन घरी जाई आणि आईला सांगे, "आज दोन घास खाल्ले बाबांनी." जनाची नाही, निदान मनाची तरी असावी, तीही नव्हती. आई म्हणायची, "बरं झालं." चौथ्या दिवशी भेटीची वेळ संपल्यावर, सात वाजून दहा मिनिटांनी, वडील गेले.

५. मंडळात सांगितलेली गोष्ट ताईने दुसऱ्याच दिवशी घरी येऊन आईच्या कानावर घातली. आई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात आहे. तिने काज करता करता सगळे ऐकून घेतले. तेव्हापासून रोज जेवताना विचारते, "काय म्हणाले होते ते? परत सांग." अर्जदार सांगतो. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण याला दररोज नवा पाय फुटत होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वडिलांनी घरमालकालाही क्षमा केली होती, ज्याचे नाव ते हयातीत शिवी दिल्याशिवाय घेत नसत.

६. न राहवून अर्जदाराने फादरांकडे पापनिवेदन केले. फादरांनी प्रायश्चित्त दिले: जिथे खोटे बोललास तिथेच खरे सांग. अर्जदाराचा हिशेब वेगळा होता. त्याला वाटले, आता फादरांना कळले म्हणजे ते आपणहून प्रकरण मिटवतील. एवढे शिकून एवढी साधी गोष्ट लक्षात आली नाही की, पापनिवेदनात ऐकलेले फादरांच्या तोंडून जन्मात बाहेर पडत नाही. त्यानंतरच्या शनिवारी ताईने फादरांच्या समोरच जाहीर केले की, सर्व धर्मग्रामांच्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या चर्चच्या, तरुण मेळाव्यात अर्जदाराचीच गोष्ट सांगितली जाईल. फादर आपल्या बुटांकडे बघत बसले. बिचाऱ्यांना खोकायचीही चोरी. शेवटी अर्जदारच उठला आणि म्हणाला, "हे सगळं खोटं आहे. मी वर गेलोच नव्हतो." मग ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, "बघा, किती नम्र मुलगा! केलेलं सुद्धा केलं नाही म्हणतो." टाळ्या पडल्या. खोटे एका घोटात पचले होते, खरे काही केल्या पचेना.

७. तोंडच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर शिक्क्याचा कागद हवा, एवढेच अर्जदाराला समजते. म्हणून मूळ अर्ज. आपले उत्तर नियमाला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आपल्या तळमजल्यावरच्या खिडकीतले कारकूनही म्हणाले, "अहो, आलेल्याची सही असते. न आलेला कशाला सही करेल?" पण माणूस भला. अर्जदाराचा चेहरा बघून त्यांनी रजिस्टर उलटे फिरवले आणि म्हणाले, "बघा स्वतःच, नाव नसलं की झालं तुमचं काम." खाट क्रमांक चौदा. अर्जदाराचे नाव नव्हते. चारही दिवस एकच सही होती. आत चार वाजून दहा मिनिटे, बाहेर सहाला पाच कमी. सही आईची.

८. त्या दिवशी घरी जाऊन अर्जदाराने आईला विचारले. मशीनवरचे बोट न काढता तिने सांगितले ते येथे जसेच्या तसे नमूद करतो. पहिल्या दिवशी जीव राहिना म्हणून ती अर्धी रजा टाकून आली, तर पहारेकऱ्याच्या स्टुलावर घरचा डबा. "उचलला आणि वर गेले. मग रोजच आले. निघताना रिकामा डबा परत स्टुलावर ठेवायचे. खाट खिडकीशी होती. तुझी पाठ दिसायची समोर. यांना उशी लावून बसवायचे आणि म्हणायचे, तो बघा, तो खाली बसलाय." वडिलांनी बघितले. चारही दिवस बघितले. जड जिभेने म्हणाले, "असू दे. भितो तो. खाली आहे ना, मग झालं." अर्जदाराने विचारले, मग रोज मला का विचारत होतीस. म्हणाली, "आज सांगशील, उद्या सांगशील, म्हणून." आणि तुझ्यावर रागावले नव्हते ना, असे विचारल्यावर मशीन थांबवून म्हणाली, "रागावलेलेच गेले. घरी ने, घरी ने म्हणत होते. ते माझं मी बघेन. तू त्यात पडू नकोस."

९. महोदय, मेलेल्या माणसाच्या तोंडी मी शब्द घातले, आणि ज्या बाईने त्याचे खरे शब्द ऐकले होते तिलाच ते रोज ताटावर ऐकवले. अशी लाज अर्जदाराला उभ्या जन्मात वाटली नव्हती. त्या लाजेचा दाखला निघत नाही, आणि आता नकोही आहे. मेळावा आज संध्याकाळी आहे. अर्जदार वरील कलम चार व आठ तिथे वाचून दाखवणार आहे. आईने येते म्हटले आहे. पुन्हा टाळ्या पडल्याच, तर ती स्वतः उठून बोलेल, असेही तिने बजावले आहे.

१०. सबब विनंती की, मूळ अर्ज मागे घेण्यास परवानगी मिळावी. तसेच वर्ष झालेली भेटीची रजिस्टरे रद्दीत जातात असे खिडकीवर कळले. चार सह्यांचे ते रजिस्टर रद्दीत घालू नये. नियमाने घालावेच लागले तर एक दिवस आधी निरोप द्यावा. शिपाई खाली पाठवण्याची तसदी घेऊ नये. अभिलेख कक्ष वॉर्डाच्याच मजल्यावर आहे, हे अर्जदाराला ठाऊक आहे. तो वर येऊन घेऊन जाईल.

आपल्या कार्यालयास विनाकारण दोनदा लिहायला लावणारा,

(सही)
खाट क्रमांक चौदाचा मुलगा

दिनांक: शनिवार, सकाळी, कार्यालयात जाण्यापूर्वी