सतराची शिट्टी

३ फेब्रुवारी, मंगळवार
सतरा नंबरचा नर आजही मुका! तळ्यावरच्या बदकांतले बाकीचे नर पाठ कमानीसारखी उचलून, चोच पाण्याला लावून माद्यांपुढे शिट्ट्या मारतायत, आणि हा ढिम्म. हिरवं डोकं, शेपटीवर वळलेली पिसं, सगळा थाट नवरदेवाचा. तीन तास माईक धरून बसले. पाय बधिर, टेप कोरी.

प्रयोगशाळेच्या सरांना सांगितलं तर खूशच झाले. "म्हणजे फुग्यातच दोष! सोमवारच्या पंधरा नरांत घ्या त्याला."

नर बदकाच्या श्वासनळीला खाली दोन फाटे फुटतात, तिथे डावीकडे हाडाचा पोकळ फुगा असतो. शिट्टीचा सूर त्याच्या मापावर ठरतो, असं सरांचं म्हणणं. माप घ्यायचं तर बदक मारून उघडायचं. ते काम माझं. दोन वर्षं करतेय, कधी दुसऱ्यांदा विचार केला नाही.

४ फेब्रुवारी
सतराने माझ्या हातातले दाणे खाल्ले. हे व्हायला नको होतं.

५ फेब्रुवारी
तळ्याचे राखणदार मामा सकाळीच म्हणाले, "ताई, तुमचा सतरा आज काय कोकलला! कान किटले."

"नराला एवढा आवाज नसतो मामा. शेजारची मादी असेल."

"मी काय बहिरा आहे?" घुश्शातच गेले.

दुपारी एकदम लक्षात आलं. नराचा एरवीचा आवाज घोगरा, सर्दी झाल्यासारखा. खणखणीत कोकलते ती मादी, कारण तिला फुगाच नसतो! पायात कडं घालताना पक्षी हातात ओरडतो, त्यावरून नर की मादी ओळखायचं — नव्या मुलांना हे शिकवते कोण? मीच! आणि सतराला कडं घातलं त्या दिवशी माझ्या कानात गाणी. हिरवं डोकं पाहिलं, 'नर' लिहून मोकळी झाले. मूर्ख!

६ फेब्रुवारी
सरांपुढे चूक कबूल केली. भुवया वर गेल्या. "मादीला हिरवं डोकं?"

म्हटलं, म्हातारी असेल. अंडाशय थकलं की एखादीला नराची पिसं येतात. फुगा मात्र अंड्यात असतानाच होतो, नाहीतर कधीच नाही.

"पुरावा?"

"एक्स-रे काढते."

"तुमच्या सुट्टीत. सोमवारी नऊपर्यंत प्लेट टेबलावर हवी, नाहीतर यादी आहे तशीच."

७ फेब्रुवारी
मोठी बहीण जनावरांची डॉक्टर आहे, हे नशीब. फोनवर आधी झापलं. "इथे मांजरांची रांग लागलीय आणि तू बदक आणतेस!" मग म्हणाली, उद्या ये.

८ फेब्रुवारी, रविवार
फुगा नाही! सरळ नळी, दोन फाटे, बाकी काही नाही. प्लेट तीनदा पाहिली. तेवढ्यात टेबलावरच सतराने असा गळा काढला की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. ताई म्हणाली, "ही तर माझ्या सासूबाईंच्या वरताण!" हसून हसून पोट दुखलं.

९ फेब्रुवारी
सरांनी प्लेट उजेडात धरली. मला वाटलं, आता अंडाशय बघायचं म्हणून तरी उघडायला लावणार. पण नाही. "नर नाही, तर आपल्या कामाची नाही. न्या कुठेही."

जिवात जीव आला. मामांच्या परसात जुना टब आहे, तिथे सोडली. मामा म्हणाले, "मी सांगत होतो!" म्हणू देत. परत येताना मी चक्क रडले. चौदा नर उरकले, तरी दिवस हलका गेला.

१० फेब्रुवारी
चौदांवर गणित बसत नाही, पंधरा हवेतच. यादीबाहेरचा एकवीस नंबर आणला. मामा म्हणाले, अजून शिट्टी मारत होता, जाळं टाकेपर्यंत. फुगा अठरा मिलिमीटर. मापं मीच घेतली.