गाळलेली ओळ

१६ जानेवारी

कपाळावरचं कुंकू अजून पुसलं नाही. सारखी आरशासमोर जाते. या वयात!

देवळासमोर महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. मंडळाचं म्हणायचं, बॅनरवर फोटो मात्र भावनाताईंचा. जिल्हा परिषदेला उभ्या आहेत. मी मागे खांबाशी बसले होते. हे गेल्यापासून तिथेच बसते. भावनाताईंनी माईकवर नाव घेतलं – "आशाकाकू, समोर या." मला वाटलं, सतरंज्या उचलायच्या असतील. पण त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या कपाळाला बोट टेकवलं. "माझ्या दारात विधवा-सवाष्ण भेद नाही!" टाळ्या. चार वर्षांत माझ्या कपाळाला कोणी हात लावला नव्हता. रडले.

शेजारची जमुना भेटली येताना. ब्लाऊज शिवते, तिचाही नवरा गेला. म्हणाली, "काकू, काय झ्याक दिसून राहिल्या!"

१७ जानेवारी

सकाळी पेपर मोठ्याने वाचला. रिकाम्या खुर्चीला. यांना दिसेनासं झालं तेव्हा यांच्यासाठीच अक्षरं जुळवत वाचायला शिकले. सवय जात नाही. एखादी वाईट बातमी मी गाळली की यांना बरोबर कळायचं. "एक ओळ गाळली तुनं." कसं कळायचं कोण जाणे.

१८ जानेवारी

भावनाताईंच्या घरी रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालू आहे. आज आपणहून गेले. ओटा चढले, तर त्यांची सासू चौकटीत उभी. "अवं आशाबाई, तुमी ओट्यावरच बसा. आत सवाष्णींचं सुरू आहे."

भावनाताई आतून दिसत होत्या. हातात करंडा. माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाईच्या कपाळाकडे वळल्या. तिळाचा लाडू तेवढा बाहेर आला. खाल्ला मी! नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी अकोल्याहून प्रणालीचा फोन. "आई, नीट बसवलं ना?" म्हटलं, हो, अगदी पुढे. पोटच्या लेकीशी खोटं. काही गरज होती का?

२० जानेवारी

ललित आला, भावनाताईंचा भाचा. प्रचारासाठी रेकॉर्ड करायला मोबाईल पुढे धरला. "काकू, दोन शब्द बोला. तुमी खोटं बोलत नाही, हे अख्ख्या गावाले मालूम आहे."

ओट्याचं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं. पण ते सांगणं म्हणजे आपली शोभा आपणच करून घेणं. आणि खरं लिहायचं तर – पुन्हा कोणीतरी मला समोर बोलावत होतं. ते सोडवेना.

बोलले – "भावनाताईंच्या दारात विधवेलाही मान आहे. मी स्वतः जाऊन आले."

जाऊन आले हे खरंच. मधली ओळ तेवढी गाळली.

२१ जानेवारी

ऑटोवर भोंगा. माझाच आवाज, गल्लीगल्लीत. मी घरात मेथी निवडतेय आणि मीच रस्त्यावरून ओरडत चाललेय! पेपर वाचला नाही आज. खुर्चीकडे पाठ करून बसले.

२२ जानेवारी

साखर आणायला गेले. दुकानात रामराव म्हणाले, "काय आशाबाई, पुढच्या टायमाले तुमचंच तिकीट का?" सगळे हसले. मीही हसले.

२३ जानेवारी

दुपारी जमुना खिडकीवरून गेली. जांभळी साडी. कपाळावर टिकली! नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. भावनाताईंच्या घराकडे निघाली होती. हाक मारायची होती – जाऊ नको, एवढीच. मारली नाही. मारली असती तर कारण सांगावं लागलं असतं. खिडकीचा गज धरून उभी राहिले.

लगेच परत आली. टिकली नव्हती. तेवढ्यात तिच्या शेजारूनच ऑटो गेला – "मी स्वतः जाऊन आले."

ती खाली बघत चालत होती.

२४ जानेवारी

चौकात ऑटो अडवला. ललित पुढेच बसलेला. म्हटलं, माझा आवाज काढ. "काहून काकू? चांगला तर आहे!" म्हटलं, खोटा आहे. मला ओट्यावर बसवलं, आत घेतलं नाही, तरी मी तसं बोलले. माईक दे. देईना. मग तशीच ओरडून सांगितलं. लोक दुकानांतून बाहेर आले. रामरावही. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

प्रणालीलाही फोनवर खरं सांगितलं. मग एवढंच – "जेवलीस का?"

जमुनेच्या दारात गेले. आत मशीन चालू होती. हाका मारल्या. मशीन थांबली नाही.

२५ जानेवारी

सकाळी जमुना आली. आत ये म्हटलं, आली नाही. ओट्यावरच उभी. म्हटलं, चुकले गं बाई, माझ्यामुळे तू त्या दारी गेलीस.

म्हणाली, "भावनाताईच्या घरचं मले पयलेच मालूम होतं, काकू. मागच्या साली मलेबी ओट्यावरच बसवलं होतं. मी गेली ते तुमी खोटं बोलता का, हे पाह्याले. टिकली लावून गेली – म्हटलं, काकूचं खरं निघालं तं!"