कोणता जीन धरू?

मोताळा, ११ मार्च

आज सकाळी गहू वाळत घातले. बाबा गेले म्हणून दुपारी तीन माणसे भेटायला आली. चहा चार वेळा झाला.

ती. गोकुळमामांना नमस्कार. (साष्टांग पुढच्या भेटीत, अंगण आत्ताच सारवले आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर बोलताना आई शेजारीच बसते, म्हणून पत्र.

पीएचडीला मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक पुण्याकडचे मोठ्या नावाचे, मधुमेहावर. दुसरे स्कॉटलंडचे, कापसावर. (तिथे कापूस उगवत नाही, पण त्याची आकडेवारी भरपूर आहे.) शुक्रवारपर्यंत एकाला होकार द्यायचा आहे. हे कळल्यावर आईने माझी बॅग माळ्यावर टाकली.

विषय जीन्सचा, म्हणजे आईबापाकडून लेकराकडे काय येते ते आकड्यांवरून शोधायचे. शेजारच्या पंजाबरावकाकांना मी हे सांगितले. पण आपल्याकडे जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. "काऊन वं पूनम, जिनात बसाले पाच वर्सं शिका लागते? आमचा शेखर त दहावी नापास हाय, अन् मुकादम हाय!" मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. (तुम्ही मला ओळखताच.) तेव्हा ते सल्ल्यावर आले. "मालकाचं नाव नोको पाहू. जुन्या मजुरायले इचार, तो येळेवर सुटू देते का."

मामा, इतका नेमका सल्ला मला कॉलेजातही कोणी दिला नव्हता. मी दोन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना लिहिले. स्कॉटलंडच्या प्राध्यापक बाईंचे चौघे त्याच दिवशी उत्तरले. दोघांनी बाईंच्या हातच्या केकबद्दलही लिहिले. पुण्याकडून एकच ओळ आली: "आठवे वर्ष चालू आहे, जुना झालो की कळवतो."

बाबांचाही काकांसारखाच समज होता. सव्वीस वर्षे ते जिनाच्या वजनकाट्यावर होते. दवाखान्यात नर्सला म्हणाले, "पोरगी माह्यासारखीच जिनात चालली, पन मोठ्या." मी दुरुस्त केले नाही.

तर कोणता जीन धरू, तुम्हीच सांगा.

तुमची भाची,
पूनम

ता. क. स्कॉटलंडला काल होकार कळवला. आईला तुम्ही सांगा. रविवारी या, आणि मी परत येईपर्यंत तिला नांदुऱ्याला तुमच्याकडे राहू द्या. कापसाचा जीन आहे, एवढेच सांगा. ते आता खोटेही नाही.

आणखी एक. बॅग माळ्यावरून काढून द्यायलाही तुम्हीच लागाल. तिकडे थंडी असते म्हणून बाबांचा स्वेटर बाहेर काढला आहे. आई देवळात गेली आहे, तोवर त्याला चिकटलेली जिनातली रुई वेचत बसते.