अकरा जांभळ्या पाणकोंबड्या

३ नोव्हेंबर
ठरलं. रविवारी दीपनगर कॉलनीची पक्षीगणना, गाइड मी. समुद्र लांब असला म्हणून काय झालं? धरणाच्या बॅकवॉटरला थंडीत परदेशी पाहुणे उतरतातच. ग्रुपवर नावापुढे 'पक्षीअभ्यासक' टाकलं. अभ्यास उद्यापासून.

६ नोव्हेंबर
बदकांपर्यंत पोचलो. सगळी सारखीच दिसतात, त्याला मी काय करणार? जांभळी पाणकोंबडी मात्र पाठ. निळी, ठसठशीत, चुकायचा प्रश्नच नाही.
धाकट्या भावाचा फोन होता. केळीच्या घडांना पिशव्या घालायच्यात, हात लावायला ये म्हणाला. बायकोने, कुंदानेही टोमणा मारला. म्हटलं, संशोधन चालू आहे.

९ नोव्हेंबर, पहाटे ५.५०
गजर तीनदा बंद केला, तरी निघालो. नावेत सहा जण. शेजारचा हितेंद्र उगाच आलाय. शाळेच्या मोनाली मॅडम वही घेऊन माझ्या बाजूला. नाव वनाची. तो इथे मासे धरतो.

सकाळी ८
सुरुवात जरा वाईट. मी दाखवलेला करकोचा उडेना. बाभळीचा खुंट निघाला. हितेंद्र पोट धरून हसला.
मग लव्हाळ्यात निळं हललं. मी ओरडलो, जांभळ्या पाणकोंबड्या! अकरा मोजल्या. मॅडमनी लिहून घेतल्या. वना म्हणे, नाव जवळ लेऊ का? नको म्हटलं, बिचकतील.
तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "भाऊ, त्या पक्षी नही शेतस. केळीना घडन्या पिशव्या शेतस. वारामा उडी येल."
मी म्हणालो, वना, तू मासे बघ. पक्षी ओळखायला डोकं लागतं.
सगळे हसले. वना खाली मान घालून वल्हवत राहिला.

दुपारी २
यादी ग्रुपवर गेली. शाळेच्या फळ्यावरही अकरा लागणार. जेवणाचं ताट तसंच ठेवून उठलो. सकाळची कचोरी असावी.

संध्याकाळी
कचोरी नाही. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. वना बोलायच्या आधीच दुर्बिणीत सुतळीची गाठ दिसली होती. तसल्या गाठी दर हंगामात मी स्वतःच्या हाताने मारल्यात. त्या निळ्या पिशव्या आमच्याच मळ्यातल्या असतील. आणि अक्कल काढली वनाची. फार लाज वाटते.
उद्या त्याच्या घरी जाऊन माफी. मग ग्रुपवर कबुली. नक्की.

१० नोव्हेंबर
ऑफिसात मीटिंग. माफी घाईघाईत मागू नये.

११ नोव्हेंबर
कबुली लिहिली. तेवढ्यात मॅडमचा मेसेज, पुढच्या वर्षीही गाइड तुम्हीच. कबुली पुसली. आधी वना, मग ग्रुप. क्रम महत्त्वाचा.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
वनाच आला. आत ये म्हटलं तरी दाराबाहेर उभा. म्हणाला, "मन्हं चुकनं भाऊ. लोकेस्ना देखता बोलाले नको व्हतं. तुम्ही शिकेल मानूस, तुमलेच बराबर दिखनं व्हई."
आत्ताच बोलायचं होतं. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली, माझ्याकडे बघत.
मी म्हणालो, असू दे वना, होतं असं माणसाकडून.
त्याने हात जोडले आणि गेला.